षष्ठीचं पाणी

तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. उत्तर येईल त्या वाजता भरती. माझ्या आजीचं सगळं खगोलशास्त्र एवढ्यात आटपायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुपारी जे, तेच रात्री. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे हिशेब एकदाच केला तरी पुरतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच मागे सरते, हे मला पुढे शाळेत कळलं. आजीला ते कारण कधी लागलं नाही. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना, रापणकारांना ठाऊक असलेलं गणित तिला ठाऊक होतं, आणि पणजीच्या मळा या वस्तीत, खाडीच्या काठाला राहणाऱ्या बाईला ते रापणकारांइतकंच गरजेचं होतं.

त्या दिवशी माघ शुद्ध षष्ठी होती. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. पणजीतलं माझं काम दोनलाच संपलं होतं आणि परतीची बस संध्याकाळची होती. मधल्या वेळेचं काय करायचं, हा विचार करता करता एकदम लक्षात आलं की आपण ही खाडी तिच्या तोंडापर्यंत कधी चालत गेलेलोच नाही. लहानपणी तिच्या काठावर सुट्ट्या काढल्या, मोठेपणी हजारदा बसमधून तिच्यावरून गेले. पण ती मांडवीला नेमकी कुठे मिळते, ती जागा मुद्दाम थांबून पाहिली नव्हती. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे आपण जसं नीट बघत नाही, तसंच काहीसं.

ओरें ही खाडी तशी नदी म्हणावी एवढीही नाही. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी, मळ्याच्या तळ्यापासून निघायचं, फोंतेन्हासच्या रंगीत घरांना डाव्या हाताला ठेवून सरळ उत्तरेला जायचं आणि पाटोच्या जुन्या पुलाखालून मांडवीत शिरायचं. एवढाच तिचा प्रवास. रमतगमत चाललं तरी पाऊण तासात संपणारा. आजी तिला ओरें म्हणत नसे. ओरें हे रस्त्याच्या पाटीवरचं नाव, पोर्तुगिजांनी ठेवलेलं. आजीसाठी ती नुसती 'न्हंय'. मांडवीसुद्धा न्हंयच. एक आमच्या दारातली आणि एक पलीकडची, एवढाच काय तो फरक.

मी तळ्यापासून सुरुवात केली. मळ्यातला झरा अजून आहे. पोर्तुगीज काळात त्याला बांधून काढून फोंत फेनिश असं नाव दिलं होतं. आल्तिनोच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक झरा आहे, त्याचं नाव बोका द व्हाका. म्हणजे गायीचं तोंड. म्हणजे गोमुखच! सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांनाही जमिनीतून फुटणारं पाणी बघून गायच आठवावी, याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे. आणि मग दुसरी गंमत आपल्या भाषेची. नदी जिथे जन्मते ते आपल्याकडे गोमुख, आणि जिथे संपते तेही मुखच. सुरुवातीलाही तोंड, शेवटालाही तोंड. पहिल्या तोंडाचं काम सरळ आहे, त्यातून पाणी बाहेर पडतं. पण दुसऱ्या तोंडाचं काय? ते बोलतं की खातं? तळ्याकाठून निघाले तेव्हा हा प्रश्न डोक्यात होता, आणि खाली पाणी माझ्या उलट दिशेने येत होतं.

कारण साडेतीन वाजले होते. भरतीचा शेवटचा तास. मी मुखाकडे निघाले होते आणि नदी मुखाकडून येत होती. षष्ठीची भरती उधाणाची नव्हे. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला दोनच दिवस उरलेले, त्यामुळे पाण्याला फारसा जोर नव्हता. पण ते आत येत होतं हे स्पष्ट दिसत होतं. कांदळाच्या मुळांशी अडकलेली एक बाटली सुटली आणि मळ्याच्या दिशेने निघाली. तिच्या मागून नारळाचं एक सोडण, अर्धं बुडालेलं, एका कडेला हिरव्या दोऱ्याचा तुकडा गुंतलेला. मी थांबून त्याला वाट दिली. तसं करायची काही गरज नव्हती, पण समोरून येणाऱ्याला वाट द्यायची सवय असते.

पणजीच्या नावाचे अनेक अर्थ लावले जातात. कदंबांच्या 1107 च्या एका लेखात या जागेचं नाव पंजनखळी असं येतं, आणि त्यातली 'खळी' म्हणजे लहान खाडी, असं सांगणारे आहेत. भाषाशास्त्रात त्याला किती वजन आहे ते असो, मला तो अर्थ आवडतो. कारण पणजी गेली दोन-अडीच शतकं आपल्या नावातली खळी बुजवायच्या कामात आहे. मळा आणि फोंतेन्हास जिथे उभे आहेत तिथे अठराव्या शतकाच्या शेवटी आंतोनियु ज्युआंव द सिक्वेरा नावाच्या गृहस्थाने भर घालून माडांची बाग केली. मोझांबिकात पैसा कमावून आल्यामुळे लोक त्याला मोसमीकार म्हणत. 1759 मध्ये विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, जुन्या गोव्याहून इथल्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आले, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि या दोन सालांच्या मधे दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु या विजरईने दलदली भरून सरळ रस्ते आखले. राजधानी म्हटलं की कोरडी जमीन आली, आणि कोरडी जमीन इथे पाण्याच्या तोंडात माती घातल्याशिवाय मिळत नव्हती.

आजीचं घर अशाच भरलेल्या जमिनीवर होतं. मळ्याची गोची अशी की एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खाडी. आषाढात आल्तिनोवरून पाणी धबाधबा उतरतं आणि खाडीत जायला बघतं. ओहोटी असली तर जातं. भरती असली तर खाडीच उलट आत येत असते. मग वरचं आणि खालचं अशी दोन पाणी मळ्यात एकमेकांना भेटतात आणि भेटीची जागा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. म्हणून ते तीनने गुणणं आणि चारने भागणं. अवसेच्या आसपास पाऊस धरला की आजी दुपारच्या अकराआधीच तांदळाचा डबा विटांवर चढवायची, चुलीशी वाळत घातलेली लाकडं माळ्यावर टाकायची, जात्यावर पाट ठेवून त्या पाटावर कोकमांची बरणी ठेवायची. मग दारातल्या पायरीवर बसून वाट बघायची. पाणी आलं की त्याच्या अंगावर खेकसायची नाही. शेजारच्या घरातून पाण्याला आणि नगरपालिकेला शिव्यांची लाखोली चाललेली असायची. आजी म्हणायची,

"येवं दी. ताच्याच घरा आयलां तें."

त्याच्याच घरी आलंय ते. हे शहाणपण आहे की हताशपण, ते मला तेव्हाही कळलं नाही. लहान असताना मला त्या पाण्याची मजाच वाटायची. मोठी झाल्यावर, भिंतीवर वीतभर उंचीवर राहिलेली ओल बघून राग यायचा. आजी दोन्ही वेळा तेच वाक्य म्हणायची.

फोंतेन्हासमध्ये नेहमीप्रमाणे गर्दी होती. पिवळ्या भिंतीसमोर लाल कपड्यातली मुलगी, निळ्या भिंतीसमोर पांढऱ्या कपड्यातला मुलगा, आणि फोटो काढणाऱ्याची पाठ खाडीकडे. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या बंद. एका दाराबाहेर घरातल्या माणसांनी पाटी लावली होती: इथे लोक राहतात, कृपया आवाज करू नका. मी सान सेबास्त्यांवच्या कपेलापाशी क्षणभर टेकले. आतला मोठा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. तिथून पणजीच्या वाड्यात आला आणि 1918 मध्ये इथे. त्यावरच्या ख्रिस्ताची मान खाली झुकलेली नाही, डोळे मिटलेले नाहीत. तो सरळ समोर बघतो. ज्या वाड्यात माणसांकडून बोलून घ्यायचं आणि मग त्यांना गप्प करायचं काम चालत होतं, तिथे त्या उघड्या डोळ्यांनी काय काय पाहिलं असेल! त्याच राज्यात 1684 मध्ये फर्मान निघालं होतं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. तीन वर्षं गेली, तीनशे वर्षं गेली. आजीने पोर्तुगिजांच्या राज्यात अर्धा जन्म काढला आणि तिच्या तोंडी पोर्तुगीज आलं ते जानेल, कदेल आणि पाव एवढंच. बाकी सगळी कोकणी, आणि संध्याकाळी दिव्यापुढे मराठी. तोंडात माती भरून भाषा बंद होत नाही, हे खाडीकाठच्या माणसांना सांगावं लागत नाही.

पदपथावरच्या लहान पुलापाशी पोचले आणि आम्हा मावस-मामे भावंडांचा खेळ आठवला. पोफळीच्या विरीचं होडकं करायचं, त्यात जास्वंदीचं फूल बसवायचं, मळ्यातून ते पाण्यात सोडायचं आणि काठाकाठाने धावत पाटोच्या पुलाशी जाऊन त्याला गाठायचं. ज्याचं होडकं आधी येईल तो जिंकला. एकदा माझं होडकं आलंच नाही. सगळ्यांची आली, मला चिडवून झालं, अंधार पडायला लागला तशी मी रडत घरी परतले. तर आमच्या मागल्या दारी, पायरीच्या चिऱ्याला टेकून, होडकं उभं! सुकती संपली होती, पाणी फिरलं होतं आणि तोंडापर्यंत न पोचलेल्या होडक्याला घेऊन परत आलं होतं. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. आजी पदर तोंडाला लावून हसत होती.

"च्या पियेवपाक परतलें गो तें!"

फूल मात्र त्यात नव्हतं. मी त्या फुलाचा बरेच दिवस विचार करत होते.

पलीकडच्या काठाला पाटोची बाजू. बसस्टँड, बँका, कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती. हाही सगळा दलदलीचा भाग. मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत तिथेच आहे. संस्था 1832 सालची, नाव कृष्णदास शामाचं. केळशीच्या या कवीने 1526 मध्ये मराठीत श्रीकृष्णचरित्रकथा लिहायला घेतली. तिची हस्तलिखित प्रत पुढे पोर्तुगालला गेली आणि आज ब्रागाच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे मराठी ओव्या या पाण्यावरून बाहेर गेल्या आणि तिकडेच राहिल्या. सगळीच होडकी मागल्या दारी परत येतात असं नाही.

मग जुना पूल. पूर्वेला रायबंदरकडे जाणारा तीन किलोमीटरहून लांब बांध इथूनच सुरू होतो. कोंद द लिन्यारिश या विजरईने 1633-34 मध्ये तो मिठागरांतून बांधला. चिऱ्यांचा, ठेंगणा, पाण्यासाठी कमानी ठेवलेला. बांधणाऱ्यांनी तेव्हा एवढं ओळखलं होतं की रस्ता करायचा तर पाण्याला तोंड ठेवावं लागतं. खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतले, शेतकरीही तेच करतात: बांध घालतात आणि बांधाला मानस ठेवतात, भरतीला मिटणारं आणि सुकतीला उघडणारं लाकडी दार. पाणी अडवणाऱ्या या दोघांनी पाण्याशी बोलणं मात्र तोडलं नव्हतं. पुढे आलेल्या आपल्या पिढ्यांनी नळ्या घातल्या आणि आपण निर्धास्त झालो.

सव्वाचारला मी पुलाच्या टोकाशी पोचले. आणि खरं सांगायचं तर आधी निराशाच झाली. मुख म्हणून दाखवावं असं तिथे काही नव्हतं. वरून मांडवीवरचे पूल बेतीच्या दिशेने झेपावलेले. त्यांतला पहिला पूल 1986 च्या 5 जुलैला कोसळला होता, आणि आजीच्या बोलण्यात पुढची कित्येक वर्षं 'पूल मोडलो त्या वर्सा' हा कालगणनेचा एक टप्पा होता. सगळ्यांत उंच, तारांनी तोललेला अटल सेतू 2019 चा. त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा सतत घुमणारा आवाज. पाण्यात कॅसिनोची जहाजं, दिवसाउजेडी मरगळलेली. चिखलाचा वास, आणि त्यात शहराच्या गटारांचा वास मिसळलेला. दगडांच्या फटीत पिशव्या. आणि या सगळ्याच्या मधून साठ-सत्तर पावलांत ओलांडता येईल असं पाणी, जे कुठेतरी खाडी राहत नाही आणि मांडवी होतं.

कुठे? मी ती रेघ शोधत राहिले. नकाशावर ती असते. पाण्याचा रंग इकडे थोडा हिरवट आणि तिकडे तपकिरी आहे असं आधी वाटलं, पण ती पुलाची सावली निघाली. आता ज्याला मी ओरेंचं पाणी म्हणत होते ते तर तासाभरापूर्वी मांडवीत होतं आणि त्याच्याआधी समुद्रात. मांडवीत ही भरती थेट गांजेपर्यंत चढते, पन्नासेक किलोमीटर. एवढ्या लांब समुद्राला आत घेणाऱ्या नदीचं तोंड तरी कुठे धरायचं? मळ्यातल्या आमच्या मागल्या दाराच्या पायरीलाही समुद्राचं मुख म्हणता आलं असतं. आजीने दोन्ही पाण्यांना एकच नाव ठेवलं होतं, ते आळसाने नव्हे.

कठड्यापाशी एक वयस्क गृहस्थ गरी टाकून बसले होते. पायाशी डब्यात दोन कालुंद्रां आणि एक शेवटा. मी बराच वेळ पाण्याकडे बघत उभी आहे म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. पडायचं, बुडायचं काही मनात नाही ना, याची खात्री करून घेतल्यासारखं. मग त्यांच्या गरीची दोरी, जी इतका वेळ मळ्याच्या बाजूला तिरकी ओढली जात होती, हळूहळू सरळ व्हायला लागली.

"पळय बाय," ते म्हणाले, "उदक थांबलां."

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून पस्तीस मिनिटं. आजीचा हिशेब पाच मिनिटांनी चुकला होता.

थांबलेलं पाणी मी आजवर विहिरीत पाहिलं होतं, तळ्यात पाहिलं होतं. वाहत्या पाण्याला थांबताना पाहिलं नव्हतं. दोरी उभी. बगळ्याचं एक पीस पाण्यावर पडलेलं, जागच्या जागी. पुलाच्या खांबाभोवती इतका वेळ पडणारी वळी विरून गेली. जवळजवळ माथ्यावर षष्ठीचा चंद्र दिवसाच वर आलेला, तवकिराच्या वडीसारखा पांढरा. हे सगळं ज्याच्यामुळे चाललंय त्याचा मागमूसही नसल्यासारखा. तळ्यापासून जो प्रश्न घेऊन मी निघाले होते, बोलतं की खातं, तो त्या पाच-सात मिनिटांत निकामी झाला. सहा तास घास आत घ्यायचा, सहा तास बोलायचं. आपल्या तोंडाचं तरी वेगळं काय असतं? आणि जेवताना बोलू नये म्हणणारी आजी दर पावसाळ्यात पायरीवर बसून याच खाडीचं जेवण आटपायची वाट बघत होती. पाण्याला ती शिव्या देत नव्हती, कारण हे जेवण संपतं हे तिला ठाऊक होतं. हिशेब त्यासाठीच होता. पाणी कधी येणार यापेक्षा कधी जाणार, हे कळण्यासाठी. हताश माणूस गुणाकार-भागाकार करत बसत नाही.

"आतां परततलें," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी गरी ओढून दुसऱ्या बाजूला टाकली. दोरी आता मांडवीकडे कलायला लागली. पीस निघालं. खांबाशी वळी परत पडली, या वेळी उलट्या अंगाने. फरक एवढा मुरत मुरत होत होता की तो नेमका कधी झाला हे सांगता आलं नसतं. नदीच्या दोन नावांच्या मधल्या रेघेसारखाच.

मी तिथेच थांबले. बस सुटायला अजून अवकाश होता. पाण्याने आधी एक बाटली आणली, मग कुणाच्या तरी देवघरातला झेंडूचा हार, मग बराच वेळ काही नाही. पाऊण तासाने एक नारळाचं सोडण आलं, अर्धं बुडालेलं. तेच का? या खाडीत सोडणांना काय तोटा! मी वाकून हिरवा दोरा दिसतो का बघितलं, पण ते पुलाच्या सावलीत शिरलं, तिथे एकदा गिरकी घेतली आणि मांडवीत गेलं. दोरा होता असं मला वाटलं. शपथेवर सांगणार नाही.

बसस्टँडवर जाताना, खाडीवर घातलेल्या मातीवरून चालताना, नकळत बोटं पेरांवर फिरली. उद्या सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार. सव्वापाच.